कानसआप्पा

दौंडला आप्पांनी मला खोली दिली ती माझ्याकडे बघून नव्हे, माझ्या बादलीकडे बघून.

मी तिथल्या एका शाळेत गणित शिकवायला नुकतीच लागले होते. घर शिरूरला, रोजची ये-जा जमण्यासारखी नव्हती. कुणीतरी सांगितलं म्हणून रेल्वे कॉलनीच्या मागच्या गल्लीत खोली बघायला गेले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात स्टेशनजवळ घेतलेली नवी कोरी प्लॅस्टिकची बादली. गेट उघडलं ते एका उंच, काटकुळ्या म्हाताऱ्यानं. अंगात बंडी, खाली खाकी अर्धी चड्डी, नाकावर एक चष्मा आणि कपाळावर दुसरा. मी नाव सांगायला तोंड उघडलं तर म्हणाले, "बादली खाली ठिवा."

ठेवली.

"हात दावा."

दाखवला. तळहातावर कडीची लालभडक रेघ उमटली होती.

"स्टेशनापासनं अशीच आणली? आन् गप सोसत आला व्हय?"

बंडीच्या खिशातून त्यांनी हेक्सा ब्लेडचा एक तुकडा काढला. एका टोकाला सायकलची ट्यूब गुंडाळलेली, दुसरं टोक घासून तिरपं केलेलं. बादली उलटी करून त्यांनी कडीच्या आतल्या बाजूनं तो तुकडा दोनदा ओढला. प्लॅस्टिकची केसासारखी बारीक कड गुंडाळत गुंडाळत खाली पडली. मग तिथून अंगठा फिरवला, पुन्हा एकदा ओढला, पुन्हा अंगठा.

"धरा आता."

धरली. हातात बादली आहे हे कळेना, इतकी मऊ.

"वरची खोली हाय. पाणी सकाळी सहाला येतं," एवढं सांगून ते आत निघून गेले. भाडं किती, नोकरी कुठं, जेवणाचं काय, हे सगळं मग त्यांच्या बायकोनं, काकूंनी विचारलं.

गल्लीत त्यांना कानसआप्पा म्हणत. आयुष्यभर रेल्वेत फिटर होते. लोखंड कापलं, भोक पाडलं, ओतलं की कडेला जी धारदार किनार उरते तिला फिटर लोक 'बर' म्हणतात. बर काढल्याशिवाय काम हातावेगळं करायचं नाही, असं त्यांच्या पहिल्या उस्तादानं त्यांना शिकवलं होतं आणि आप्पांनी ते फक्त लोखंडापुरतं घेतलं नव्हतं. चहाच्या कपाच्या कानाला, देवघराच्या घंटीला, औषधाच्या बाटलीच्या झाकणाला, सगळ्याला त्यांचा अंगठा आधी लागायचा. रिटायर झाल्यावर पहिले सहा महिने त्यांनी घरातल्या एकूण एका भांड्याची किनार घासून काढली. काकू म्हणायच्या, "सायबानं मानसाला रिटायर केलं, हाताला करायचं राहिलं बघा."

त्या हाताला काम मिळालं दिवाळीच्या किल्ल्यामुळं. भाचीच्या मुलीला किल्ल्यावर ठेवायला त्यांनी शिरूरच्या बाजारातून मातीचे मावळे आणले. साच्यातून काढलेली चित्रं ती, मातीच्या अशा बाहुल्यांना तिकडं चित्रंच म्हणतात. पुढचा साचा आणि मागचा साचा जिथं जुळतो तिथं डोक्यापासून पायापर्यंत मातीची शिवण उठलेली. कुणाच्या कानावरून, कुणाच्या तलवारीवरून. काखेत आणि दोन पायांच्या मध्ये मातीचा पापुद्रा तसाच राहिलेला. वरून भगवा, हिरवा रंग दिलेला. आप्पांनी ते मावळे हातात घेतले आणि त्या रात्री त्यांना म्हणे जेवण गेलं नाही.

पुढच्या वर्षी भाद्रपदात ते रिकामी पत्र्याची पेटी घेऊन एसटीनं शिरूरला गेले, त्या कुंभारांचं घर शोधून काढलं आणि भाजलेली पण रंग न दिलेली शंभर चित्रं मागितली. विकत नव्हे. साफ करून परत आणून देतो म्हणाले. घरातली सून, मी तिला मावशी म्हणते, तिला वाटलं म्हाताऱ्याच्या डोक्यावर परिणाम झालाय. पण फुकटात करतोय म्हटल्यावर तिनं पंचवीस दिली, जरा तडकलेलीच निवडून. ती परत आली तेव्हा मावशी बघतच राहिली. तेव्हापासून दरवर्षी पेटी भरून जायची आणि भरून यायची.

आप्पांचं टेबल पडवीत होतं. त्यावर पांढरं फडकं, फडक्यावर हत्यारं. बारीक सुईसारख्या कानशी, डॉक्टरी ब्लेड, जुने टूथब्रश, रक्तदाब मोजायच्या यंत्राचा रबरी फुगा, तो धूळ उडवायला. हत्यारांना नावं नव्हती. प्रत्येकाला एक एक अवयव नेमून दिलेला होता. "काखंची द्या," म्हणाले की गोल कानस. "नाकपुडीची कुठं गेली?" म्हणजे उंदराच्या शेपटीएवढी ती. "मांडीची" तिकोनी होती आणि "पदराची" म्हणजे अर्धगोल, ती बायकांच्या चित्रांना. मी सुरुवातीला वरून जिना उतरताना हे ऐकून दचकायचे. शाळेतल्या एक बाई माझ्याकडं आल्या होत्या, त्यांनी तर खालून "मांडीची सापडंना गं" असं ऐकलं आणि चहा न घेताच गेल्या.

मी एकदा विचारलं, "आप्पा, एवढं घासून वरून रंगच द्यायचाय ना? रंगाखाली झाकलं जातं की."

त्यांनी दोन्ही चष्मे काढले. ही फार गंभीर खूण होती.

"रंग झाकत न्हाई मॅडम. रंग चुगली करतो. कोरं चित्र गप ऱ्हातं. रंग लावला की बारकी रेघ बी वरडाया लागती."

मग चित्र खिडकीशी नेऊन तिरपं धरायचे. "उजेड आडवा पायजे. समोरच्या उजेडात सगळीच देखणी दिसत्यात." मी हे वाक्य शाळेत भूमितीच्या तासाला वापरायचे. कशासाठी ते आता आठवत नाही, पण मुलांना आवडायचं.

दातांच्या डॉक्टरणीची गोष्ट तर गल्लीत सगळ्यांना पाठ होती. आप्पांची दाढ दुखत होती. गाल सुजला, तरी जायला तयार नव्हते. शेवटी काकूंनी ओढत नेलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, बोलायला गोड. म्हणाल्या, "आप्पा, तोंड उघडा."

आप्पांची नजर शेजारच्या ट्रेवर. टोकाला वाकलेल्या, केसाएवढ्या बारीक आकड्या, छोट्या खरवडण्या, सगळ्या स्टीलच्या, चकचकीत.

"आदी त्यो ट्रे हिकडं घ्या."

"आप्पा, ते तुमच्यासाठीच आहे. तोंड उघडा."

"ही वाकडी कुठल्या कामाची?"

"दाताच्या मागचं काढायला."

"मागचं! जिथं दिसत न्हाई तिथलं?" आप्पा खुर्चीत उठून बसले. अर्ध्या तासानं ते बाहेर आले ते दाढ तशीच ठणकत असताना, पण खिशात गुंडाळून तीन जुन्या आकड्या. झिजल्या म्हणून बाईंनी बाजूला ठेवलेल्या होत्या, उकळून दिल्या. दाढ दुसऱ्या दिवशी निघाली. पुढं बाईंच्या दवाखान्यातली बोथट हत्यारं आप्पा धार लावून द्यायचे आणि बाई त्यांना तपासायचे पैसे लावायच्या नाहीत. त्या आकड्यांमुळं मावळ्यांच्या ढालीच्या मागं, जिथं आजवर कानस पोचली नव्हती, तिथंही आप्पा पोचले. ढालीच्या मागं कोण बघतो, असं मी विचारणार होते, पण त्यांनी चष्म्यांना हात घातलेला दिसला आणि गप्प बसले.

भाचीच्या धाकट्या बहिणीचं लग्न केडगावजवळच्या एका मंगल कार्यालयात होतं. मलाही आग्रहानं नेलं. कार्यालयाच्या दारात फायबरचे दोन भालदार उभे केलेले, माणसापेक्षा उंच. आत शिरताना आप्पा एका भालदारापाशी अडखळले, तेव्हाच काकूंनी त्यांची बाही धरून ओढलं होतं. "आज न्हाई हां. मामा हाय तुमी मुलीचं." मुहूर्ताची वेळ झाली. गुरुजी माईकवरून म्हणाले, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." कुणी नाही. पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज चढला आणि काकूंनी कपाळाला हात लावून मला खूण केली.

मला कुठं जायचं ते बरोबर कळलं. आप्पा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभे राहून भालदाराचा कान घासत होते.

"आप्पा, मुहूर्त!"

"एक कान झाला. एकच झाला तर बरं दिसंल का?"

"आप्पा, नवरी उभी आहे."

तेव्हा कुठं खाली उतरले. भुवयांवर, पापण्यांवर पांढरी पूड. ती डोळ्यात गेलेली, त्यामुळं पाण्याच्या धारा लागलेल्या. तसेच नवरीला घेऊन बोहल्याकडं निघाले. बायका एकमेकींना कोपर मारून सांगायला लागल्या, मामाचा केवढा जीव आहे बघ पोरीवर. नवरीसुद्धा त्यांच्याकडं बघून रडली. व्हिडिओत ते सगळं आहे. काकू तो कुणालाही दाखवताना त्या जागी थांबवायच्या आणि खरं काय ते सांगायच्या.

असा हा माणूस. बारीकसारीक रेघ त्याच्या नजरेतून सुटत नसे असं मी समजत होते. त्यांचंही तसंच मत होतं.

शिरूरला पेटी पोचवायला मी त्यांच्याबरोबर जाऊ लागले ते तिसऱ्या वर्षापासून. शनिवारी दुपारी शाळा सुटली की आम्ही न्हावऱ्याकडून जाणारी एसटी धरायचो. पेटी आप्पांच्या मांडीवर. कंडक्टर म्हणायचा, "आजोबा, वर ठेवा की," आणि आप्पा म्हणायचे, "तुमी ऱ्हावा वर, चित्रं हितंच ऱ्हातील." कुंभारांच्या घरी मावशी चहा करायची, चित्रं मोजून घ्यायची आणि दरवर्षी तेच बोलणं व्हायचं.

"आप्पा, पोरं दोन दिस खेळत्यात आन् मोडत्यात. तुमी एकेका नाकाला पंधरा पंधरा मिंटं घालवता."

"दोन दिस का व्हईना ताई, नाक असू द्या."

ओट्याच्या आतल्या कोपऱ्यात मावशीच्या सासूबाई बसलेल्या असायच्या. ऐंशीच्या पुढच्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, डोक्यावरून पदर पुढं ओढलेला. माती तिंबायचं काम अजून त्यांच्याच हाताला. आप्पा खाली मान घालून "रामराम आजी" म्हणायचे, त्या "रामराम बाबा" म्हणायच्या. याच्यापुढं बोलणं कधी गेलं नाही.

किल्ल्याच्या पायथ्याशी गाव मांडतात, त्यासाठी मावळ्यांबरोबर गावातली माणसंही हे लोक करत. मेंढरं घेतलेला धनगर, भाजीवाली, आणि डोक्यावर दोन घागरी घेतलेली एक पाणवाली बाई. त्या पाणवाल्या बाईच्या डाव्या गालावर दरवर्षी एक रेघ यायची. कानाच्या पाळीखालून ओठाच्या कोपऱ्यापर्यंत, जराशी वाकडी. आप्पा त्या रेघेला वैतागले होते. बर असती तर घासून गेली असती, ही आत गेलेली रेघ. तिच्यात पुट्टी भरायची, वाळवायची, वॉटर पेपरनं घासायची, गाल गुळगुळीत करायचा. चार वर्षं त्यांनी ते केलं. "साच्यात खोट हाय त्यांच्या," असं मला कितीदा म्हणाले.

पाचव्या वर्षी उन्हाळ्यात शिरूरला कुणाच्या तरी कामाला गेले असताना त्यांनी तो साचाच मागून घेतला. साच्यात गालावर बारीकशी उठलेली रेघ होती. आप्पांनी डॉक्टरणीच्या आकडीनं ती खरवडून काढली, पेपर मारला आणि मावशीला म्हणाले, "जा, आता तरास न्हाई." मावशीनं हसून साचा ठेवून दिला.

गणपती झाले आणि आजींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं.

घटस्थापनेच्या आधीच्या शनिवारी आम्ही पेटी घेऊन गेलो तेव्हा आजी ओट्यावर पुढं येऊन बसल्या होत्या. काळा चष्मा काढून ठेवलेला. जे दिसेल ते हातात घेऊन बघत होत्या. कॅलेंडर, सुनेच्या बांगड्या, शेजारच्यांचं मांजर. आप्पांनी पेटी उघडली तसा त्यांनी हात पुढं केला. "बघू की बाबा तुमची कारागिरी. समदी म्हंत्यात, लई गुळगुळीत करता."

आप्पा खूष झाले. एक एक चित्र कागदातून सोडवून त्यांच्या हातात देऊ लागले. मावळा बघितला, "व्वा" म्हणाल्या. धनगर बघितला. मग पाणवाली बाई हातात आली. आजींनी ती जवळ नेली, लांब धरली. बोटानं गाल चाचपला. दुसरी मागितली. तिसरी.

"हिच्या गालावरची रेघ कुठं गेली?"

"काडली की," आप्पा म्हणाले. "खोट हुती साच्यात. आता साच्यातच काडून टाकली. परत याची न्हाई."

आजींनी पदर मागं सारला आणि तोंड आमच्याकडं वळवलं. डाव्या गालावर, सुरकुत्यांच्या जाळ्यात, कानाखालून ओठापर्यंत एक जुनी, पांढुरकी, वाकडी रेघ होती.

"खोट न्हवं बाबा," त्या म्हणाल्या. "म्या हाय ती."

मावशीच्या हातातली बशी तशीच राहिली. चित्रातली बाई म्हणजे आपली सासू, हे तिलाही माहीत नव्हतं.

मग आजींनी सांगितलं. आवाजात राग नव्हता, त्यानंच जास्त लागलं. त्यांचं माहेर इनामगावचं. लहानपणी नदीकाठी माती आणायला गेल्या असताना उतारावर पडल्या आणि गालात खापर घुसलं. तिथं जमिनीत जुनी खापरं फार. लग्न होऊन शिरूरला आल्या तर चारचौघीत डावा गाल लपवायच्या, उजवीकडं तोंड करून बोलायच्या. नवऱ्यानं, म्हणजे मावशीच्या सासऱ्यांनी, त्या वर्षी किल्ल्यासाठी नवीन चित्र घडवलं, घागरी घेतलेली बाई. साचा करायच्या आधी बायकोला बोलावून दाखवलं. गालावर रेघ. "म्या लई भांडले," आजी म्हणाल्या. "समद्या गावाला दावताय व्हय म्हणून. तर ह्ये म्हनलं, म्या बगितली तशी केली. मला अशीच आवडती." नवरा जाऊन पंधरा वर्षं झाली. त्यांचा फोटो नव्हता घरात. ते चित्र तेवढं होतं, आणि आजींना गेली काही वर्षं तेही दिसत नव्हतं.

परतीच्या गाडीत न्हावऱ्याला आप्पा म्हणाले, "चार वरसं त्या घरी जातूय मॅडम. चहा पितूय. मातीतली रेघ दिसली, समोर बसलेल्या बाईची दिसली न्हाई."

मी म्हटलं, "त्या पदर घेऊन बसायच्या, आप्पा."

"आन् म्या मान खाली घालून," ते म्हणाले.

एरवी हत्यारांच्या खाली असायचं ते फडकं त्यानंतर आठ दिवस हत्यारांवर झाकलेलं होतं. मी जिना उतरताना काखेची, मांडीची कुणी मागेना. काकू माझ्याकडं येऊन हळूच म्हणाल्या, "काल भाकर करपली, तवा सुदीक खरवडला न्हाई. मला भ्या वाटाया लागलंय."

नवव्या दिवशी आप्पा स्वतः वर आले. उंबऱ्यात उभे राहून म्हणाले, "जुनं, रेघ असलेलं एखादं चित्र कुठंतरी असंल. माळ्यावर, पेटाऱ्यात. म्या ते बगून साच्यात परत आणतो. पर मला गावभर विचारत फिराया लाज वाटती. तुमी विचाराल?"

मी दुसऱ्याच दिवशी शिक्षकखोलीत विचारलं. दिवाळीच्या किल्ल्याचे जुने डबे कुणाकडं आहेत का? आपली लहानपणची चित्रं कुणी टाकत नाही हे मला तेव्हा कळलं. आठवड्याभरात सात डबे आले. चित्रकलेचे सर, वय पंचावन्न, आपला तोफवाला परत मिळेल ना म्हणून तीनदा विचारून गेले. सहा डब्यांत पाणवाली बाई नव्हती. सातवा केडगावच्या एका बाईंचा. बिस्किटाच्या डब्यात, भुशात, मान तुटून डिंकानं चिकटवलेली, अर्धा रंग उडालेली. पण गाल शाबूत. गालावर रेघ.

आप्पांनी ती हातात घेतली. अंगावर बर होती, काखेत पापुद्रा होता, डिंकाचे गोळे मानेवर सुकले होते. त्यांचा अंगठा सवयीनं शिवणीवर गेला आणि तिथून उचलला. मग ते टेबलाशी बसले. टाकाऊ चित्रं घेऊन रेघ कोरून बघू लागले. सगळी हत्यारं झाली. ब्लेडनं कोरली तर ओरखड्यासारखी दिसायची, आकडीनं केली तर खोल जायची. डॉक्टरीणबाई संध्याकाळी येऊन आणखी दोन आकड्या देऊन गेल्या. त्यांनीही जमेना. "काडायला शिकलो आयुष्यभर," आप्पा म्हणाले, "घालाया कुनी शिकवलंच न्हाई."

शेवटी रविवारी आम्ही बिस्किटाचा डबाच घेऊन शिरूरला गेलो. आजींसमोर ठेवला. त्यांनी भुशातून ती मोडकी बाई काढली आणि कितीतरी वेळ नुसती धरून बसल्या. मग म्हणाल्या, "मान कुनी मोडली हिची?"

"म्या न्हाई," आप्पा घाईनं म्हणाले. आजी हसल्या. मावशी हसली. मला तिथं पहिल्यांदा मोकळा श्वास घेता आला.

आप्पांनी खिशातून गुंडाळी सोडली, हत्यारं ओट्यावर मांडली आणि कबूल केलं. "आजी, म्या घालवली. परत आणाय बघितली, जमंना. ह्यातलं कुठलं हत्यार हुतं त्येंच्याकडं, तेवढं सांगा."

आजींनी हत्यारांकडं बघितलंसुद्धा नाही. "त्येंच्याकडं कसलं आलंय हत्यार," त्या म्हणाल्या. सुनेला सांगून त्यांनी साच्यातून नुकतं काढलेलं एक ओलं चित्र मागवलं. डाव्या हातात धरलं. उजव्या अंगठ्याचं नख गालावर टेकवलं आणि कानाखालून ओठाकडं हलकेच ओढलं.

रेघ उमटली. तीच, तेवढीच, जराशी वाकडी.

आप्पांनी चित्र घेतलं, दारात नेलं, आडव्या उजेडात धरलं. त्यांचा अंगठा गालाजवळ आला आणि थांबला.

"किती चित्रं करायची हायती?" त्यांनी विचारलं.

"साठ," मावशी म्हणाली.

"मग आजी, बसा. ताई साच्यातनं काडून देत्याल, तुमी रेघ वडा. वाळली की शिवणी म्या बघतो. गालाला हात लावणार न्हाई."

"लावला तर?" आजींनी विचारलं.

"तर आमच्या बायकूला सांगा," आप्पा म्हणाले. यापेक्षा मोठी शिक्षा त्यांना माहीत नव्हती.

ते चार दिवस शिरूरलाच राहिले, आमच्या घरी. आईनं चार दिवसांत दोनदा मला फोन करून विचारलं की हे आपल्या पोळपाटाची किनार का घासतायत.

दिवाळीला मी घरी आले तेव्हा बाजारपेठेत मावशीनं फळीवर चित्रं मांडली होती. शेजारी आजी, अंगावर नवं लुगडं. मागं स्टुलावर आप्पा. काकूंना घेऊन मुद्दाम आले होते, विक्री कशी होते ते बघायला. मी तिथं टेकले तेवढ्यात एक बाई आल्या, पुण्याहून माहेरी आलेल्या दिसत होत्या. मावळे घेतले, धनगर घेतला. पाणवाली बाई उचलली आणि लगेच परत ठेवली.

"ही खराब आहे. गालाला चीर गेलीय. दुसरी द्या."

मावशीनं आप्पांकडं बघितलं. आप्पा उठले.

"समद्या तशाच हायत ताई. चीर न्हाई ती." आणि त्यांनी हातानं आजींकडं दाखवलं. काय सांगावं ते त्यांना सुचेना, म्हणून नुसतं दाखवलं.

आजींनी पदर सारला आणि डावा गाल पुढं केला. ती बाई हातातल्या चित्राकडं बघे, आजींकडं बघे. "अगंबाई," एवढंच म्हणाली.

"रेघ माजीच हाय," आजी म्हणाल्या. "रंग तेवढा खोटा. सुनंनं गोरीपान करून ठिवलीय. म्या कवा गोरी हुते?"

"मग सावळी नाही का एखादी?" त्या बाईंनी विचारलं.

मावशीनं हसत तपकिरी रंगाची वाटी ओढली, ब्रश बुडवला आणि चित्राला लावणार, तोच आप्पांनी तिचा हात धरला.

"रंगावर रंग देता व्हय? आदीचा काडाया नगं?"

चित्र त्यांनी त्या बाईंच्या हातातून काढून घेतलं. खिशातून ब्लेड निघालं, टूथब्रश निघाला, कपाळावरचा चष्मा नाकावर आला. "बसा ताई," ते म्हणाले. "अर्दा तास लागंल."

आम्हाला वाटलं ती बाई रागावून निघून जाईल. ती आजींच्या शेजारी फळीच्या कोपऱ्यावर बसली आणि विचारायला लागली, खापर लागलं ते कसं, किती वर्षांच्या होतात. आजी पहिल्यापासून सांगू लागल्या. मला घरी करंज्या लाटायला जायचं होतं, आईचे दोन फोन येऊन गेले होते. मी निघाले तेव्हा गोष्ट इनामगावच्या उतारावर आली होती आणि आप्पा अजून पहिल्या घागरीवरच होते.